विकत आणलेला पणजोबा

१८३० साली पीटर्सबर्गच्या ‘उत्तरेची मधमाशी’ या वर्तमानपत्रात फादेई बुल्गारिन या संपादकाने एक खवचट किस्सा छापला. स्पॅनिश अमेरिकेतला कुणी मिश्रवर्णी कवी म्हणे आपला एक पूर्वज काळा राजपुत्र होता अशी फुशारकी मारत असे. पुढे कागदपत्रांतून निघालं काय, तर त्या ‘राजपुत्रा’ला एका जहाजाच्या कप्तानाने रमच्या एका बाटलीवर विकत घेतलं होतं! नाव कुणाचंच नव्हतं, पण रोख कुणावर आहे हे वाचणाऱ्यांना बरोबर कळलं. अलेक्सांद्र पुश्किनच्या आईचे आजोबा अब्राम पेत्रोविच गानिबाल हे आफ्रिकेतून पळवलेले, इस्तंबूलमार्गे रशियात पोचलेले गुलाम होते. पुश्किनने ‘माझी वंशावळ’ ही कविता लिहून उत्तर दिलं आणि तिच्या पुरवणीत टोला उलटवला: तो कप्तान म्हणजे साक्षात सम्राट पीटर, रशियाचं तारू ज्याने हाकारलं तो. झार निकोलाय पहिला याने कविता न छापलेली बरी असं सुचवलं, आणि ती हस्तलिखितांतून फिरत राहिली.

गंमत अशी, की या भांडणात दोघांचाही वाद गिऱ्हाईक कोण होतं यावर आहे. एक म्हणतो फडतूस कप्तान, दुसरा म्हणतो बादशहा. विकला गेलेला सात-आठ वर्षांचा पोरगा या वादात कुठेच नाही.

गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या आफ्रिकी पूर्वजाची आठवण घराण्यात आणि साहित्यात कशी टिकते, या प्रश्नावर गेल्या दोनशे वर्षांत पुष्कळ लिहिलं गेलं. कादंबऱ्या, आत्मकथनं, कोर्टकज्जे, इतिहासकारांची उलटतपासणी, अलीकडे तर जनुकीय चाचण्यासुद्धा. हे सगळं एकत्र पाहताना माझं एक मत पक्कं होत गेलं. वंशजांना बहुतेक वेळा राजपुत्र हवा असतो. कागदांना फक्त मालाची किंमत ठाऊक असते. जो खरोखर जगला तो साधा माणूस, आणि त्याहून जास्त ती साधी बाई, दोन्हींच्या हातून निसटते. त्यामुळे या साहित्यात मला ती पुस्तकं मोठी वाटतात जी हे निसटणं झाकत नाहीत.

गानिबालपासून सुरुवात करणं सोयीचं, कारण त्याच्याबाबतीत अमेरिकेतल्या कुठल्याही गुलामाच्या वंशजाला हेवा वाटावा इतके कागद आहेत. १७०४ च्या सुमारास इस्तंबूलमधल्या रशियन वकिलातीच्या सांगण्यावरून साव्वा रागुझिन्स्की या व्यापाऱ्याने त्याला मिळवलं आणि मॉस्कोला धाडलं. १७०५ मध्ये विल्नियसच्या एका चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. धर्मपिता स्वतः पीटर, म्हणून बापाच्या नावाच्या जागी ‘पेत्रोविच’ लागलं. हा मुलगा सम्राटाच्या खोलीशेजारी वाढला, स्वाऱ्यांत त्याच्यासोबत हिंडला, १७१७ मध्ये फ्रान्सला गेला, ला फेरच्या तोफखाना विद्यालयात शिकला, फ्रेंच सैन्यातून स्पेनविरुद्ध लढला आणि १७२३ मध्ये परतला. भूमिती आणि दुर्गबांधणीवर त्याने दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. पीटर वारल्यावर सत्ता हाती आलेल्या मेन्शिकोवने त्याची रवानगी थेट सायबेरियात, चीनच्या सीमेपर्यंत केली. पुढे पीटरची मुलगी एलिझाबेथ गादीवर आली आणि दिवस पालटले. रेवालचा, म्हणजे आजच्या टालिनचा, मुख्य किल्लेदार, मिखाइलोव्स्कोयेची जहागीर, शेवटी जनरल-आन-शेफ ही जवळजवळ सर्वोच्च लष्करी पदवी. १७८१ मध्ये आपल्या सुइदाच्या जहागिरीत तो वारला.

एवढी कागदी श्रीमंती असूनही एका साध्या प्रश्नाचं उत्तर निर्विवाद मिळत नाही: तो आला कुठून?

सर्वांत जुना पुरावा त्याच्याच हातचा. १७४२ मध्ये उमरावपदाचा दाखला आणि कुलचिन्ह मागण्यासाठी त्याने सिनेटकडे अर्ज केला. त्यात तो म्हणतो की आपण आफ्रिकेतले, तिथल्या खानदानी घराण्यातले, वडिलांच्या अमलाखालच्या लागोन नावाच्या गावात जन्मलेले. हे खरं असेल, नसेलही. पण उमरावपद मागणाऱ्याने ‘मी मेंढपाळाचा पोर’ असं थोडंच लिहायचं असतं? अर्जाचा हेतूच त्याला खानदानी व्हायला लावतो, आणि पुढच्या सगळ्या कहाण्या याच अर्जावर उभ्या आहेत. मृत्यूनंतर त्याचा जावई रोटकिर्ख याने जर्मनमध्ये एक चरित्र लिहिलं. त्यात अबिसिनिया आला, कार्थेजच्या हॅनिबलशी नातंही आलं. पुश्किनजवळ या चरित्राचं भाषांतर होतं. १८२४ ते १८२६ या काळात त्याला मिखाइलोव्स्कोयेतच नजरकैदेत ठेवलं होतं, तेव्हा जवळच राहणाऱ्या म्हाताऱ्या प्योत्र गानिबालकडे, अब्रामच्या हयात मुलाकडे, तो गेला आणि घराण्याच्या गोष्टी काढून घेऊ लागला.

‘येवगेनी ओनेगिन’चं पहिलं प्रकरण १८२५ मध्ये छापलं तेव्हा पुश्किनने एका ओळीत ‘माझी आफ्रिका’ असा उल्लेख केला आणि त्याला लांबलचक टीप जोडली. टिपेत आठवणी आहेत: एकोणीस भाऊ, त्यांना बापापुढे हात मागे बांधून नेत, धाकट्या इब्राहिमला तेवढी मोकळीक, तो वाड्याच्या कारंज्यांत पोहत असे. आणि लागान नावाची लाडकी बहीण, जी त्याला घेऊन निघालेल्या जहाजामागे समुद्रात पोहत राहिली. हे चित्र इतकं हृद्य आहे की त्यावर शंका घ्यायला जीव होत नाही. तरी घ्यायला हवी. गावाचं नाव लागोन आणि बहिणीचं लागान. म्हातारपणी सांगितलेल्या, जावयाने लिहिलेल्या, नातवांनी ऐकलेल्या गोष्टीत दोन हरवलेल्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या असतील का? आफ्रिकेतल्या त्या घरातली एकच बाई नावानिशी आपल्यापर्यंत पोचते, आणि तिचं नावसुद्धा तिचंच असेल याची खात्री नाही.

१८९९ मध्ये, पुश्किनच्या जन्मशताब्दीला, मानववंशशास्त्रज्ञ दिमित्री अनुचिनने लागोनचा शोध लावल्याचं जाहीर केलं: उत्तर अबिसिनियातलं, आजच्या एरिट्रियातलं, लोगो. त्या काळच्या वंशशास्त्राचा कलही त्यात दिसतो. महाकवीचा पणजोबा अबिसिनियाचा, म्हणजे ‘खरा निग्रो’ नव्हे, हे ऐकायला पुष्कळांना बरं वाटणार होतं. पुढे ‘ओनेगिन’चा इंग्रजी अनुवाद १९६४ मध्ये प्रसिद्ध करताना व्लादिमीर नाबोकोवने शेवटी गानिबालवर स्वतंत्र निबंध जोडला आणि घराण्याच्या दंतकथेची सालं सोलून काढली. संशयाच्या बाबतीत नाबोकोवचा हात धरणारा नाही. त्याच्या सालकाढूपणात थोडी क्रूर मजाही आहे. चाड सरोवराच्या दक्षिणेला लोगोन नावाचा प्रदेश आहे याकडे त्यानेच बोट दाखवलं. १९९० च्या दशकात बेनिनच्या दिउदोने न्यामांकू या अभ्यासकाने तो धागा पुढे नेला आणि आजच्या कॅमेरूनमधलं लोगोन-बिर्नी, कोटोको लोकांच्या सुलतानाची राजधानी, हे जन्मस्थान असल्याचं सविस्तर मांडलं. आज बहुतेक अभ्यासकांचा कौल तिकडे आहे. पण पुश्किनचे पुतळे अदिस अबाबातही आहेत आणि अस्मारातही. दोन शेजारी देश एका कवीच्या पणजोबावर हक्क सांगतात, याचं मला नवल वाटत नाही. ज्या खंडातून सव्वा कोटी माणसं अटलांटिकपार नेली गेली, त्यांतली बहुतेक नावांशिवाय, तिथे एक जरी नाव परत आलं तरी त्यासाठी रांग लागणारच.

साहित्याने या माणसाचं काय केलं? १८२७ मध्ये पुश्किनने त्याच्यावर ‘पीटर महानाचा हबशी’ ही पहिली गद्य कादंबरी लिहायला घेतली आणि अर्धवट सोडली. त्यातला इब्राहिम पॅरिसच्या एका काउंटेसच्या प्रेमात आहे. तिला त्याच्यापासून काळं मूल होतं आणि नोकरचाकर ते गुपचूप बदलून टाकतात. पुढे पीटर स्वतः त्याच्यासाठी एका रशियन सरदाराची मुलगी मागतो. प्रत्यक्षात गानिबालचं पहिलं लग्न झालं ते पीटर वारल्यानंतर सहा वर्षांनी, एव्दोकिया दिओपेर या ग्रीक कप्तानाच्या मुलीशी, तिच्या मनाविरुद्ध. नवऱ्याने तिच्यावर व्यभिचाराचा आरोप ठेवला; ती कित्येक वर्षं कैदेत सडली आणि शेवटी मठात गेली. दरम्यान त्याने घटस्फोट नसताना दुसरं लग्नही केलं. काळ्या मुलाचा प्रसंग कादंबरीत आहे, आणि घरात कुजबुज होती ती एव्दोकियाच्या गोऱ्या मुलीची. पुश्किनने रंग उलटा केला, असं म्हणता येईल. कादंबरी पुरी का झाली नाही याची बरीच कारणं सांगतात. मला वाटतं, पुढे जायचं तर पणजोबाला छळ करणारा नवरा म्हणून दाखवावं लागलं असतं. १९७६ मध्ये सोव्हिएत सिनेमाने ही गोष्ट उचलली, इब्राहिम झाला व्लादिमीर विसोत्स्की, तोंडाला काळा रंग फासून. पडद्यावर काळा पूर्वज उभा करायला त्यांना गोरा नटच लागला.

आणखी एक गोष्ट घराण्याच्या आठवणीत कौतुकाने येते, पण तिचा अर्थ कुणी सांगत नाही. लहानपणी विकला गेलेला हा माणूस मोठेपणी शेकडो भूदासांचा मालक होता. १७५९ मध्ये त्याने सुइदा आणि आसपासची गावं विकत घेतली तेव्हा जमिनीबरोबर तिथली माणसंही त्याची झाली. त्यांत एक लहान मुलगी होती, अरीना रोदिओनोव्ना. हीच पुढे पुश्किनची दाई, जिच्या लोककथांवर तो वाढला, जिला रशियन वाङ्मयात देवघरातल्या मूर्तीसारखी जागा आहे. म्हणजे कवीच्या आयुष्यात दोन विकलेली माणसं आहेत. एकाचं कुलचिन्ह आहे, हत्तीचं चित्र असलेलं. दुसरीची कबरसुद्धा सापडत नाही. पणजोबाचा अभिमान आणि दाईवरचं प्रेम पुश्किनने दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवले; या दोघांचं एकमेकांशी नातं मालक आणि मालमत्ता असं होतं, हे त्याने कुठे एकत्र मांडलं नाही. मात्र १८२४ च्या एका पत्रात ग्रीकांच्या स्वातंत्र्याविषयी लिहिताना तो काळ्या गुलामांना ‘माझे भाऊ’ म्हणून जातो. त्या काळच्या रशियन उमरावाच्या लेखणीतून हे येणं लहानसहान नव्हे.

फ्रान्समध्ये अशीच एक आडवी शाखा सापडते. ‘थ्री मस्केटियर्स’वाल्या अलेक्सांद्र द्युमाचे वडील, जनरल थोमा-अलेक्सांद्र, सेंट-डोमिंगो या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, १७६२ मध्ये जन्मले. आई मारी-सेसेत काळी गुलाम, बाप फ्रेंच उमराव. बापाने घरी परतायच्या खर्चासाठी या मुलाला सोडवून घ्यायच्या अटीवर विकलं आणि मग खरोखर सोडवून घेतलं. जनरलवर टॉम राइस यांचं ‘द ब्लॅक काउंट’ हे चरित्र २०१२ मध्ये आलं, त्याला पुलित्झर मिळालं. द्युमाच्या आठवणींतही वडिलांचे पराक्रम पानोपानी आहेत. आजी मात्र एका नावापलीकडे नाही.

अमेरिकेत प्रश्नाचं रूपच बदलतं, कारण तिथे पूर्वज सम्राटाच्या मांडीवर वाढलेला नव्हता, तंबाखूच्या शेतावर राबला होता. तिथल्या वंशजाची अडचण समजून घ्यायला आपल्याकडचं उदाहरण उपयोगी पडेल. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे जुन्या वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की पणजोबा कधी आले होते, सोबत कोण होतं, हे ते काढून दाखवतात. ती नोंद कुळासाठी केलेली असते. अमेरिकेतल्या गुलामाची नोंद त्याच्या मालकासाठी केलेली असे. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या आहेत. त्यांत नाव मालकाचं, खाली वय, लिंग, रंग. गुलामाचं नाव नाही. १८७० च्या जनगणनेत सर्व काळ्या नागरिकांची नावं प्रथमच आली. वंशावळ शोधणारे या वर्षाला भिंत म्हणतात. तिच्या पलीकडे जायचं तर मालकाच्या घरातली बाडं उघडावी लागतात: मृत्युपत्रं, गहाणखतं, जमाखर्च, पळून गेलेल्यांच्या जाहिराती. १८६५ नंतर काळ्यांच्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं येत राहिलेल्या जाहिराती मात्र वेगळ्या आहेत. आईला अमुक साली अमुकाने अमुक गावी विकलं होतं, कुणी पाहिलं असेल तर कळवा, असा त्यांचा मजकूर. माणसाने माणसासाठी केलेल्या नोंदी त्या याच.

अॅलेक्स हेलीचं ‘रूट्स’ १९७६ मध्ये आलं ते ही भिंत फोडल्याची घोषणा करत. टेनेसीतल्या हेनिंग गावी आजी आणि तिच्या बहिणी ओसरीवर बसून एका ‘आफ्रिकन’ची गोष्ट सांगत. त्याचं नाव किन्टे, तो लाकूड तोडायला गेला असताना पकडला गेला, मालकाने टोबी नाव दिलं ते त्याने मानलं नाही. सोबत काही परकी अक्षरं होती, नदीचं नाव, वाद्याचं नाव. हेली त्या अक्षरांमागे लागून गाम्बियाच्या जुफुरे गावी पोचला, तिथल्या एका वृद्धाने किन्टे कुळाची कथा सांगता सांगता कुन्टा नावाच्या हरवलेल्या मुलाचा उल्लेख केला, आणि हेलीला १७६७ मध्ये अॅनापोलिसला पोचलेलं ‘लॉर्ड लिगोनियर’ हे जहाज सापडलं. जानेवारी १९७७ मध्ये आठ रात्री चाललेली मालिका अमेरिकेतल्या कोट्यवधी घरांत पाहिली गेली. त्या वर्षी हेलीला खास पुलित्झरही मिळालं.

मग उलटतपासणी सुरू झाली. हॅरल्ड कूरलँडर या लेखकाने आपल्या ‘द आफ्रिकन’ या कादंबरीतून उतारे घेतल्याचा दावा लावला आणि १९७८ मध्ये साडेसहा लाख डॉलरला तडजोड झाली. १९८१ मध्ये इतिहासकार डॉनल्ड राइट यांनी दाखवलं की जुफुरेचा तो वृद्ध परंपरेने कुळकथा सांगणारा भाट नव्हताच, आणि पाहुण्याला काय ऐकायचं आहे हे गावाला आधीच ठाऊक होतं. त्याच सुमारास व्हर्जिनियाच्या कागदपत्रांत दिसलं, की हेलीच्या गोष्टीतल्या मालकाच्या, म्हणजे वॉलर कुटुंबाचा टोबी हा गुलाम १७६७ च्या आधीपासून तिथे होता. जहाज येण्याआधीच उतारू हजर! हेलीने आपल्या लिखाणाला वास्तव आणि कल्पित यांचं मिश्रण म्हटलं होतं. टीकाकारांनी मिश्रणाचं प्रमाण विचारलं.

मला या वादात दोन्ही बाजूंचा थोडा कंटाळा येतो. साखळी तुटते, हे खरं. पण ओसरीवरची गोष्ट तुटत नाही. हेलीची चूक, असलीच तर, त्या गोष्टीवर त्याचा पुरेसा विश्वास नव्हता ही आहे. बायकांनी पिढ्यानपिढ्या सांभाळलेली चार परकी अक्षरं हा आपल्या जागी पूर्ण पुरावा होता. त्याला आफ्रिकेच्या टोकाला प्रतिष्ठित घराणं आणि शूर योद्ध्यांचा वंश बसवायची घाई झाली. पुन्हा राजपुत्रच. ‘रूट्स’मुळे काय झालं ते मात्र कागदावर मोजता येतं: १९७७ मध्येच काळ्या अमेरिकनांची वंशावळ संशोधन संस्था वॉशिंग्टनमध्ये उभी राहिली, ग्रंथालयांत आणि अभिलेखागारांत रांगा लागल्या, आणि २०११ मध्ये गाम्बिया नदीतल्या जेम्स बेटाचं नाव बदलून कुन्टा किन्टे बेट झालं.

राजपुत्राशिवाय भागवलेलं पुस्तक ‘रूट्स’च्या सुमारे पंचेचाळीस वर्षं आधी लिहून तयार होतं, फक्त छापलं गेलं नव्हतं. झोरा नील हर्स्टन १९२७ मध्ये अलाबामातल्या मोबीलजवळच्या आफ्रिकाटाउन वस्तीत कोसोला या वृद्धाकडे गेल्या. मालकांच्या दुनियेत त्याचं नाव कजो लुइस. गुलामांची आयात १८०८ पासून बंद होती, तरी १८६० मध्ये टिमथी मेहर या जहाजमालकाने पैज लावून ‘क्लोटिल्डा’ जहाज पाठवलं, पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमीहून सुमारे ११० माणसं आणवली आणि पुरावा नको म्हणून जहाज जाळून टाकलं. कोसोला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. हर्स्टनबाईंनी त्याच्यासाठी पीचेस, हॅम, कलिंगडं नेली. तो कधी बोलत असे, कधी बागेतल्या कामाचं निमित्त करून त्यांना परत पाठवत असे. त्याचा आजा राजाचा मानकरी होता, स्वतः तो साध्या घरातला. दाहोमीच्या सैन्याने गाव कापून काढलं ते तो सांगतो, मग गप्प होतो. सहा मुलं झाली, सहाही त्याच्याआधी गेली. फोटो काढायचा म्हटल्यावर त्याने चांगला सूट घातला आणि जोडे काढून ठेवले. पुस्तकाचं नाव ‘बॅराकून’. प्रकाशकांनी कोसोलाची बोली काढून शुद्ध इंग्रजी करायला सांगितलं, बाईंनी नकार दिला, आणि पुस्तक २०१८ पर्यंत पडून राहिलं. पुढच्याच वर्षी मोबीलच्या चिखलात ‘क्लोटिल्डा’चे अवशेष ओळखले गेले.

हर्स्टनबाई संत नव्हत्या. १९२७ मध्ये कोसोलावर छापलेल्या त्यांच्या पहिल्या लेखातला बराच भाग दुसऱ्या लेखिकेच्या पुस्तकातून उचललेला होता. आणि एक जास्त बोचणारी गोष्ट: १९२८ च्या एका पत्रात त्या मित्र लँग्स्टन ह्यूजला कळवतात की कोसोलाहून वयाने मोठी, त्याच्याहून चांगलं बोलणारी एक बाई सापडली आहे, पण हे आपल्या दोघांतच राहू दे. कोसोला १९३५ मध्ये वारला आणि अमेरिकेतल्या गुलामजहाजांचा शेवटचा साक्षीदार म्हणून कित्येक दशकं त्याचंच नाव घेतलं गेलं. २०१९ आणि २०२० मध्ये हॅना डर्किन या संशोधिकेने दाखवलं की त्याच जहाजातून आलेल्या रेडोशी १९३७ पर्यंत आणि मटिल्डा मक्रीअर १९४० पर्यंत जिवंत होत्या. मटिल्डा जहाजातून उतरल्या तेव्हा दोन वर्षांच्या होत्या.

बायकांकडे आठवण असते, फक्त ती पुस्तकात जात नाही. भाषाशास्त्रज्ञ लॉरेन्झो डाउ टर्नर यांनी १९३० च्या दशकात जॉर्जियाच्या किनाऱ्यावर एका बाईकडून पाच ओळींचं एक गाणं ध्वनिमुद्रित केलं. ते आईकडून लेकीकडे आलेलं होतं आणि गाणारीला अर्थ माहीत नव्हता. ती मेंडे भाषा निघाली. संशोधक ते ध्वनिमुद्रण घेऊन सिएरा लिओनमध्ये गावोगाव फिरले, आणि सेनेहुन एनगोला या गावी एका बाईने ते ओळखलं: अंत्यविधीच्या वेळी बायका म्हणायच्या ते गाणं. तिच्या आजीने ते जपायला बजावलं होतं, हरवलेली माणसं परतली तर यावरून ओळखतील म्हणून. यादवी युद्धामुळे भेट लांबली. १९९७ मध्ये जॉर्जियातल्या गायिकेची मुलगी त्या गावी पोचली. यात राजा नाही, जहाजाचं नाव नाही, साल नाही, तरी मला ‘रूट्स’पेक्षा ही साखळी अधिक घट्ट वाटते.

उलट, कागदांची अखंड साखळी जिथे सापडली तिथे ती मालकाच्या वंशजाने शोधली. एडवर्ड बॉल यांचं ‘स्लेव्ह्ज इन द फॅमिली’ १९९८ मध्ये आलं, त्याला नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. साउथ कॅरोलिनातल्या त्यांच्या पूर्वजांनी जमाखर्च इतका चोख ठेवला होता, की १७५६ मध्ये सिएरा लिओनहून ‘हेअर’ जहाजाने आलेली, दहा वर्षांची ठरवून प्रिसिला नाव दिलेली एक मुलगी, तिची मुलं, नातवंडं असं करत आजच्या कुटुंबापर्यंत रेघ ओढता आली. २००५ मध्ये तिची एक वंशज सिएरा लिओनला गेली. अमेरिकेत अशा नोंदी फार थोड्या कुटुंबांच्या वाट्याला आल्या, आणि ज्यांच्या आल्या त्यांना त्या हिशेब नीट ठेवणाऱ्या मालकामुळे मिळाल्या. या उपकाराचं काय करायचं हे बॉल यांना कळत नाही, आणि पुस्तकात ते दिसतं. त्यामुळेच ते वाचवतं.

टोनी मॉरिसनच्या ‘बिलव्हेड’ला मार्गारेट गार्नर या पळून गेलेल्या गुलाम बाईच्या १८५६ मधल्या खटल्याचा आधार आहे, पण मॉरिसनने त्या खटल्यापासून मुद्दाम फारकत घेतली. ऑक्टेव्हिया बटलरच्या ‘किन्ड्रेड’मध्ये आजची काळी स्त्री भूतकाळात ओढली जाते आणि तिला आपल्या गोऱ्या मालक-पूर्वजाचा जीव वाचवावा लागतो, नाहीतर ती स्वतःच जन्माला येणार नाही. पूर्वज म्हटला की तो आपला म्हणून चांगलाच असतो, ही समजूत या एका कथानकाने मोडीत काढली. सैदिया हार्टमन यांनी ‘लूज युअर मदर’मध्ये घानाला जाऊन हरवलेल्या कुळाचा शोध घेतला आणि कुळ सापडलं नाही हेच लिहिलं. तिथल्या लोकांना त्या परक्याच वाटल्या. पुढे त्यांनी एक पद्धत मांडली: कागद जिथे थांबतो तिथे कल्पना करा, पण कल्पना आहे हे लपवू नका. आज या विषयावर लिहिणारे बहुतेकजण याच वाटेने जातात. काहींच्या हातात ती पद्धत सवलतीसारखी सैल झाली आहे, हेही खरं.

आपल्याकडे हा प्रश्न नाही असं समजायचं कारण नाही. मलिक अंबर हबसाणातून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनेत आला, चंगीजखान या निजामशाही वजिराने, जो स्वतः हबशी होता, त्याला विकत घेतलं. पुढे त्याने खडकी वसवली, तेच पुढे औरंगाबाद झालं. जमाबंदी घातली, मोगलांना वीस-पंचवीस वर्षं झुंजवलं. १६२६ मध्ये तो वारला, खुलताबादला त्याची कबर आहे, जवळच त्याची पत्नी बीबी करीमाची. परमानंदाच्या ‘शिवभारता’तही तो येतो. मराठी इतिहासाला अंबर आवडतो, जंजिऱ्याचा सिद्दी आवडत नाही. दोघांबद्दलही आपण बोलतो ते त्यांच्या तलवारीबद्दल. पोर्तुगीजांनी मोझाम्बिककडून गोव्यात आणलेल्या, घरकामाला राबवलेल्या माणसांचं काय? त्यांच्यातले पळून गेलेले घाटावर आले असं मानतात. यल्लापूर-हल्याळच्या जंगलपट्टीतले सिद्दी कोकणी बोलतात, मराठीही बोलतात, घरात हिरियारू म्हणजे वाडवडिलांना पूजतात, दमामीच्या तालावर नाचतात. २०११ च्या एका जनुकीय अभ्यासाने त्यांचं नातं पूर्व आफ्रिकेच्या बांटू लोकांशी जोडलं. कोण्या राजाचं नाव त्यांच्या पूजेत मागावं लागत नाही.

१८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ छापताना जोतीरावांनी ते पुस्तक अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केलं ज्यांनी काळ्यांना गुलामीतून सोडवायला मदत केली. त्यांना सातासमुद्रापलीकडचं नातं दिसलं होतं. जवळचं मात्र पेशवे दफ्तरात आहे. तिथे कुणबिणींच्या खरेदीविक्रीच्या नोंदी आहेत; नाव, वय, किंमत, कुठून आणली, कुठल्या कारखान्यात कामाला लावली. अमेरिकेतल्या गुलामांच्या याद्यांपेक्षा त्या उजव्याच म्हणायच्या, कारण नाव असतं. या नोंदींवर अभ्यास झाले, लेख लिहिले गेले. पण आपली खापरपणजी विकत आणलेली कुणबीण होती, असं सांगणारं घर मला अजून भेटलेलं नाही. सरदाराच्या वंशातली घरं मात्र रोज भेटतात.